धावते ठेवावे की उभे? नॉरफोक अँड वेस्टर्नच्या वाफेच्या इंजिनांवरून एक तुलना

जुने वाफेचे इंजिन ताब्यात आलेल्या संस्थेपुढे साधारणपणे तीन वाटा असतात : ते पुन्हा धावते करणे, छपराखाली प्रदर्शनात ठेवणे किंवा एखाद्या बागेत उघड्यावर उभे करणे. या वाटांची तुलना करण्यासाठी अमेरिकेतील नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेइतकी सोयीची दुसरी रेल्वे क्वचितच सापडेल. या कंपनीने आपली नामांकित इंजिने व्हर्जिनियातील रोआनोक येथील स्वतःच्या कारखान्यात बांधली, अमेरिकेतील इतर मोठ्या रेल्वे डिझेलकडे वळल्यानंतरही १९६० पर्यंत वाफ सोडली नाही, आणि तिची जी मोजकी इंजिने उरली त्यांच्या वाट्याला हे तिन्ही प्रकार आले.

सर्वांत प्रसिद्ध इंजिन ६११ क्रमांकाचे. १९५० मध्ये बांधलेले हे प्रवासी गाड्यांचे इंजिन ‘जे’ वर्गातील चौदांपैकी एकमेव उरलेले आहे. जानेवारी १९५६ मध्ये ते रुळांवरून घसरले. त्यानंतर त्याची कसून दुरुस्ती झाली, आणि निवृत्तीच्या वेळी ते चांगल्या स्थितीत असण्याचे ते एक कारण ठरले. (अपघाताने वाचवलेले इंजिन म्हणायला हरकत नाही.) १९६३ पासून ते रोआनोकच्या बागेत उभे होते, १९८२ मध्ये पुन्हा धावू लागले आणि १९९४ मध्ये थांबले. ते थांबण्यामागे बॉयलरचा दोष नव्हता. ज्या कंपनीच्या रुळांवर ते धावत होते, त्या नॉरफोक सदर्नने आपला वाफेचा उपक्रमच बंद केला. २०१५ मध्ये लोकवर्गणीच्या बळावर ते तिसऱ्यांदा जिवंत झाले, तेव्हा ते रोआनोकच्या वाहतूक संग्रहालयाच्या मालकीचे होते. रूळ मात्र आजही दुसऱ्यांचेच लागतात.

याच्या शेजारी ४७५ क्रमांक ठेवून पाहावा. हे १९०६ मध्ये बाल्डविन कारखान्यात बांधलेले, ‘एम’ वर्गातील मध्यम आकाराचे मालगाडीचे इंजिन आहे. त्याला ६११ चा दिमाख नाही. पण ते पेनसिल्व्हेनियातील स्ट्रॅसबर्ग रेल्वेकडे १९९१ मध्ये आले, १९९३ पासून तेथे सेवेत आहे, आणि त्या रेल्वेकडे सुमारे साडेचार मैलांचा स्वतःचा मार्ग व स्वतःची दुरुस्तीशाळा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या खोदयंत्रावर आदळले, तरी ती दुरुस्तीशाळा हाताशी असल्याने काही दिवसांतच ते पुन्हा कामाला लागले. माझ्या मते या तुलनेतील निर्णायक बाब हीच आहे : इंजिन किती काळ धावेल, हे त्याच्या लोखंडाइतकेच रुळांच्या मालकीवरही ठरते.

धावत्या इंजिनाची किंमतही स्पष्ट मांडली पाहिजे. १९९५ मध्ये गेटिसबर्ग येथे एका वाफेच्या इंजिनाच्या अग्निपेटीत (बॉयलरच्या ज्या भागात इंधन जळते तिथे) मोठी दुर्घटना झाल्यानंतर अमेरिकेतील नियम नव्याने लिहिले गेले, आणि २००० पासून प्रत्येक बॉयलरची संपूर्ण तपासणी १,४७२ सेवादिवस (इंजिन प्रत्यक्ष वापरात असलेले दिवस) किंवा पंधरा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बंधनकारक झाली. त्या वेळी नळ्या काढाव्या लागतात, पत्र्यांची जाडी मोजावी लागते आणि झिजलेले भाग बदलावे लागतात. म्हणजे इंजिन जितके धावते, तितका त्यातील मूळ धातू कमी होत जातो. ज्या संस्थेला त्या वर्गाचा शेवटचा नमुना जपायचा आहे, तिने हा मुद्दा हलका समजू नये.

याचे दुसरे टोक म्हणजे १२१८. १९४३ चे हे अवाढव्य इंजिन ‘ए’ वर्गातील त्रेचाळीसपैकी एकटे उरले आहे. निवृत्तीनंतर ते एका रसायन कारखान्याला वाफ पुरवण्यासाठी विकले गेले, आणि त्या परक्या उपयोगामुळेच वाचले. १९८७ ते १९९१ ते सहलीच्या गाड्या ओढत होते. पुढे त्याची मोठी दुरुस्ती हाती घेतली गेली, पण उपक्रम बंद झाल्याने ती अर्धवट राहिली, आणि फक्त बाहेरून पूर्ण दिसेल असे जोडून ते रोआनोकच्या संग्रहालयात छपराखाली ठेवले गेले. पाहणाऱ्याला त्यात काही कमी वाटत नाही, आणि इतक्या मोठ्या इंजिनाला पेलतील असे रूळ, वळणे व परवानग्या मिळवण्याचा खर्च पाहता मी त्याला धावते करण्याचा आग्रह धरणार नाही. मात्र अर्धवट दुरुस्ती हा सर्वांत महागडा पर्याय असतो : पैसा खर्च होतो, सुटे भाग विखुरतात आणि इंजिन तरीही उभेच राहते.

उघड्यावरच्या पर्यायाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बॉयलरभोवतीच्या आवरणात पाणी शिरते आणि रंगाखाली गंज वाढतो. तरीही उघडे आकाश म्हणजे अंत नव्हे. ६११ बागेतूनच परत आले, आणि याच रेल्वेची ११३४ सह तीन मालगाडी इंजिने रोआनोकच्या भंगारवाड्यात सुमारे साठ वर्षे पडून राहिल्यावर २००९ मध्ये बाहेर निघाली. ती वाचली, पण धावण्याच्या आशेने नव्हे.

त्यामुळे इंजिन लहान असेल आणि मार्ग स्वतःचा असेल, तर ते धावते करावे. इंजिन मोठे असेल, त्याच्या वर्गात एकटे असेल आणि रूळ दुसऱ्याचे असतील, तर आधी छप्पर बांधावे आणि बॉयलरच्या अहवालाआधी मार्गाच्या मालकाकडून लेखी करार मागावा, त्यात मुदत आणि रद्द करण्याची अट दोन्ही नमूद करून.