लोहाचे दोन सोबती: पोर्फिरिन आणि बिस-इमिनोपिरिडीन

पोर्फिरिन आणि बिस-इमिनोपिरिडीन हे दोन्ही लिगंड, म्हणजे धातूच्या अणूला धरून ठेवणारे रेणू. पण ते नुसते लोहाला धरून बसत नाहीत, इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीतही उतरतात. फरक आहे तो दिशेत.

पोर्फिरिन देणारं. यकृतातल्या सायटोक्रोम पी-450 या एन्झाइममध्ये औषधाच्या रेणूवर ऑक्सिजन चढवणारा घटक, म्हणजे 'कंपाउंड वन', कागदावर लोह +5 दाखवतो, म्हणजे लोहाने पाच इलेक्ट्रॉन गमावल्याचा हिशेब. प्रत्यक्षात लोह +4 वरच थांबतं आणि उरलेला इलेक्ट्रॉन पोर्फिरिनच्या कड्यातून जातो. हा घटक इतका अल्पजीवी, की जोनाथन रिटल आणि मायकेल ग्रीन या संशोधकांना तो नीट हाती लागला थेट 2010 मध्ये.

बिस-इमिनोपिरिडीन घेणारं. रसायनशास्त्रज्ञ पॉल चिरिक यांच्या गटाच्या डायनायट्रोजन (लोहाला नायट्रोजनचा N₂ रेणू जोडलेल्या) संयुगात लोह हिशेबाला शून्य, पण खरं तर +2. दोन इलेक्ट्रॉन लिगंडवर. आणि हे चक्क मोजता येतं! मोकळ्या लिगंडमधला कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध सुमारे 1.28 अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), इलेक्ट्रॉन आले की तो ताणून 1.33च्या आसपास जातो. स्फटिकाचं क्ष-किरण चित्र म्हणजे जणू खातेवहीच.

ताकदीत पोर्फिरिनला तोड नाही. पण लिगंडच इलेक्ट्रॉन देतो-घेतो ही संकल्पना शिकायची तर मी आधी बिस-इमिनोपिरिडीनच हाती देईन. फक्त हवा लागू द्यायची नाही, ग्लोव्हबॉक्स, म्हणजे हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी, हवाच.