‘किरकोळ तक्रारींसाठी येऊ नये’ : नाशिकमधील एका खाजगी कॅज्युअल्टीचे परीक्षण

मुंबई नाक्यापासून फार दूर नसलेल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात, गेल्या दीड वर्षात आम्हाला तीन वेळा जावे लागले. तिन्ही वेळा दुखणे अखेरीस साधेच निघाले आणि आम्ही त्याच दिवशी घरी परतलो, म्हणजे रुग्णालयाच्या हिशेबात आम्ही उगाच गर्दी करणाऱ्यांपैकी ठरतो. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही. तेथील उपचारांबद्दल मला कृतज्ञता आहे, व्यवस्थेबद्दल मात्र तक्रार आहे, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या तरच हे परीक्षण कोणाच्या उपयोगी पडेल.

कॅज्युअल्टीच्या काचेच्या दारावर एक फलक आहे. ‘हा विभाग केवळ अत्यवस्थ रुग्णांसाठी आहे. किरकोळ तक्रारींसाठी कृपया बाह्यरुग्ण विभागात यावे,’ असे त्यावर लिहिले असून खाली बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा दिल्या आहेत : सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते 1 आणि सायंकाळी 5 ते 7, रविवारी बंद. हा फलक मी प्रथम वाचला तेव्हा नोव्हेंबरमधील रविवार होता, रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते आणि सहा वर्षांची मुलगी कान धरून माझ्या खांद्यावर रडत होती.

तत्पूर्वी आम्ही काय केले होते तेही सांगायला हवे. इंदिरानगरातील आमचे फॅमिली डॉक्टर रविवारी दवाखाना उघडत नाहीत. सत्तरीला आलेल्या माणसाने आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी का घेऊ नये, असे मलाही वाटते. म्हणून याच रुग्णालयाला फोन केला, मुलीचे वय, ताप आणि दुखणे सांगितले, आणि सकाळपर्यंत थांबले तर चालेल का, घरात असलेले तापाचे औषध किती द्यावे, एवढेच विचारले. ‘फोनवर काही सांगता येणार नाही, तुम्ही घेऊन या,’ असे उत्तर मिळाले. अनोळखी रुग्णाला फोनवर सल्ला देण्याची जोखीम रुग्णालयाने घेऊ नये हे मला समजते. पण मग जो फोनवर ‘घेऊन या’ म्हणतो आणि जो दारावर ‘येऊ नका’ म्हणतो, तो एकच आहे, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात कशी येत नाही?

आत गेल्यावरचा अनुभव मात्र चांगला होता. पैशांची खिडकी गाठण्याआधीच एका सिस्टरने मुलीचे तापमान, नाडी, वजन आणि बोटावरचा ऑक्सिजन पाहिला व आमच्या कागदावर हिरवी पट्टी चिकटवली. ज्याला ताबडतोब हात लावायला हवा तो लाल, ज्याला थोडे थांबता येईल पण लक्ष ठेवायला हवे तो पिवळा आणि ज्याला खुशाल थांबता येईल तो हिरवा, ही ती पद्धत. येथे नंबर आल्या वेळेवर लागत नाही, आजाराच्या गांभीर्यावर लागतो. हे त्या सिस्टरने आम्हाला दोन वाक्यांत सांगितले, आणि त्यानंतरची पन्नास मिनिटे आम्हाला तितकी जड गेली नाहीत.

त्या पन्नास मिनिटांत हिरव्या पट्टीची इतर मंडळी मी न्याहाळली. अंबड औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण दोन्ही डोळ्यांवर ओला रुमाल धरून बसला होता. वेल्डिंगच्या झळीने डोळ्यांत होणारी आग कामावर असताना जाणवत नाही, ती काही तासांनी सुरू होते. म्हणजे दिवसा काम करणाऱ्याला हा त्रास बहुधा रात्रीच व्हायचा. दृष्टीला सहसा धोका नसतो, दोन दिवसांत डोळे बरे होतात, त्यामुळे कागदोपत्री हे दुखणे किरकोळच. पण डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होत असलेल्या माणसाने सकाळच्या दहाची वाट पाहायची, आणि सकाळी दहाला गेला तर दिवसाची हजेरी बुडवायची, हा हिशेब फलक लिहिणाऱ्याने एकदा करून पाहावा. त्याच्या शेजारी पाठदुखीचे एक गृहस्थ होते. त्यांचे दुखणे तीन आठवड्यांचे होते आणि ते त्या रात्री का आले हे मला उमगले नाही. असेही लोक येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मला विशेष आठवतो तो दिंडोरीकडून आलेला एक शेतमजूर. ‘जरा मळमळतंय,’ एवढेच सांगून तो बाकाच्या टोकाला बसला होता. सिस्टरने त्याच्याकडे पाहिले, फवारणी केली का म्हणून विचारले, टॉर्चने डोळे तपासले आणि पुढच्या क्षणी त्याला आत नेले. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्यांचा जोर असतो, आणि काही कीटकनाशकांच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला पाणी सुटते, घाम येतो. वेळेवर ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध मिळाले नाही तर माणूस श्वास कोंडून दगावू शकतो. मळमळ ही तक्रार त्या फलकाच्या भाषेत किरकोळच आहे. तो फलक वाचून, आणि त्याला मान देऊन, हा माणूस माघारी फिरला असता तर? अशा सूचनांनी पाठदुखीचे गृहस्थ परततात की नाही याची मला शंका आहे. संकोची माणूस मात्र नक्की परततो.

डॉक्टर तरुण होते, थकलेले दिसत होते, पण त्यांनी घाई केली नाही. दुर्बिणीतून कानाचा पडदा पाहिला, तो लाल आहे पण फुटलेला नाही असे सांगितले, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलची मात्रा लिहून दिली आणि अशा कानदुखीत अनेक मुलांना अँटिबायोटिकची गरजच पडत नाही, दोन दिवस पाहू, असे म्हटले. कानामागे सूज आली किंवा ताप हटला नाही तर लगेच या, हेही बजावले. बिल मात्र 1,040 रुपये झाले : केसपेपर 100, कॅज्युअल्टी शुल्क 900 आणि औषध 40. आमचे डॉक्टर 250 रुपये घेतात. रात्री जागे राहण्याचे पैसे द्यायला माझी ना नाही; पण हा आकडा दारावर कोठेही लिहिलेला नव्हता, विचारल्यावरही ‘डॉक्टरांनी पाहिल्यावर सांगू’ असेच सांगण्यात आले.

दुसरी खेप फेब्रुवारीतील, पहाटे साडेचारची. 74 वर्षांच्या वडिलांना छातीच्या मध्यभागी जळजळ होत होती आणि थोडा घाम आला होता. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले होते, त्यामुळे पित्तच असावे असे ते स्वतः म्हणत होते. येथे या रुग्णालयाला पूर्ण गुण द्यावे लागतील. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत काढावा असा दंडक आहे आणि त्यांचा ईसीजी खरोखरच तेवढ्या वेळात निघाला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी झाली आणि तीन तासांनी पुन्हा झाली, कारण हृदयविकाराच्या सुरुवातीला पहिली तपासणी निर्दोष येऊ शकते. सकाळी साडेआठला ‘पित्त’ हे निदान झाले. म्हणजे वडिलांचे म्हणणे बरोबर होते. पण ते बरोबर आहे हे समजायला चार तास, दोन रक्ततपासण्या आणि एक डॉक्टर लागला. किरकोळ हा शिक्का नेहमी शेवटी बसतो, दारात येताना तो कोणाच्याच कपाळावर नसतो. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले : ज्यांचे अंतिम निदान साध्या दवाखान्यात भागण्याजोगे ठरले असे रुग्ण तातडीच्या विभागात आलेल्यांपैकी सुमारे 6 टक्केच होते, पण त्यांनी येताना सांगितलेल्या तक्रारींसारख्याच तक्रारी त्या विभागातील जवळपास 89 टक्के भेटींमध्ये होत्या. डॉक्टरांनाही जे तक्रारीवरून ओळखता येत नाही, ते घरच्यांनी पहाटे साडेचारला ओळखावे ही अपेक्षा मला जास्तीची वाटते.

याच खेपेत सर्वांत खटकणारी गोष्ट घडली. डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही असे सांगितल्यावर बिलाच्या खिडकीत ‘मेडिक्लेम आहे ना? मग एक दिवस ॲडमिट दाखवून घ्या, पैसे सुटतील,’ असे सुचवण्यात आले. आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमे 24 तासांच्या भरतीशिवाय खर्च देत नाहीत, बाहेरच्या तपासणीचा तर सहसा देतच नाहीत. त्यामुळे दवाखान्यात 250 रुपये खिशातून जातात आणि खाटेवर झोपले की हजारो रुपये परस्पर भरले जातात, असा उलटा व्यवहार तयार झाला आहे. आम्ही नकार दिला आणि 3,600 रुपये भरले. खाटा अडवणारे रुग्ण कोण आणि त्यांना अडवायला सांगणारे कोण, याचा शोध रुग्णालयाने आपल्याच खिडकीपासून सुरू करावा.

तिसरी खेप थोडक्यात. शनिवारी दुपारी तीन वाजता विळीवर माझा अंगठा कापला. नाशिकमध्ये दुपारी दोन ते पाच या वेळात उघडा दवाखाना शोधणे म्हणजे काय, हे येथील माणसाला सांगायला नको. तीन टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांसाठी दीड तास बसलो, कारण महामार्गावरील अपघाताचे दोन जखमी आले होते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या दीड तासात एकदाही कोणी येऊन ‘अजून वेळ लागेल’ असे न सांगितल्याची.

पर्याय नाहीत असे नाही. जिल्हा शासकीय रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. खरोखर अत्यवस्थ रुग्णासाठी 2014 पासून सुरू असलेली 108 ची रुग्णवाहिका आहे. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी विनाशुल्क बोलता येते. यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख त्या फलकावर नाही. कोठे येऊ नये हे तेवढे लिहिले आहे.

गुण द्यायचेच झाले तर सिस्टर आणि डॉक्टरांना पाचपैकी साडेचार, स्वच्छतेला चार, शुल्क आधी सांगण्याच्या बाबतीत एक. रात्री अकरापर्यंत एक डॉक्टर हिरव्या पट्टीच्या रुग्णांसाठी वेगळ्या खोलीत बसवला आणि फोनवर अनुभवी सिस्टर नेमली, तर निम्मी कुरकुर संपेल असे मी लेखी कळवले होते. उत्तर आले नाही. गेल्या आठवड्यात टाक्यांच्या वेळची एक जुनी पावती घ्यायला गेलो तेव्हा फलकावर बदल मात्र दिसला : ‘रविवारी बंद’ खोडून ‘रविवारी सकाळी 10 ते 12’ असे चिकटवले होते. ‘चांगले आहे,’ असे म्हणून रविवारी रात्रीची काय सोय, असे खिडकीतील मुलीला विचारले. ‘रात्री काय सर, कॅज्युअल्टी चालूच असते की,’ ती म्हणाली.