लिफ्ट किटच्या नावाखाली चकती

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स किंवा तशीच एखादी पिकअप आधीच लिफ्ट किट टाकून, म्हणजे उंची वाढवून घेतलेली असते. काही काळाने पुढचं सस्पेन्शन कुरकुरायला लागतं. ब्रेक दाबला की नाक खाली जातं, स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘ठक्’ आवाज येतो, हायवेवर स्टिअरिंग भिरभिरं वाटतं. चांगले शॉकअप आणि कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग) टाकायचे, पण खिसा बघून, असं मालक ठरवतो. गंडवायला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक हेच. गाडीची उंची डोळ्यांना दिसते, टेपने मोजता येते. शॉकअपच्या आत तेल किती आणि गॅस आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे विकली जाते उंची आणि पैसे घेतले जातात डॅम्पिंगचे, म्हणजे झोके आवरण्याचे.

सर्रास चालणारा प्रकार असा. ‘दोन इंच हेवी ड्यूटी किट’ म्हणून सांगितलेलं काम महिन्याभरात पुन्हा उघडायची वेळ येते, तेव्हा आत जुनीच कॉइल आणि जुनाच शॉकअप निघतो. दोन्हींवर चकचकीत रंग मारलेला. टॉप माउंटच्या (शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणाऱ्या भागाच्या) वर २५ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची किंवा नायलॉनची चकती, तीन बोल्ट लांब केलेले. बस. लेथवर तास-दोन तासांत होणारं हे काम संपूर्ण किटच्या भावात खपवलं जातं. गाडीत आधीच चकती असेल तर तीच काढून जाड बसवतात, किंवा चक्क एकावर एक दोन चढवतात.

२५ मिमीच्या चकतीने गाडी ५० मिमी कशी उचलते, हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. या गाड्यांना पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे वरचा (अपर) आणि खालचा (लोअर) असे दोन आर्म चाकाला धरतात. शॉकअपचं खालचं टोक लोअर आर्मवर, चाकाच्या बरंच आतल्या बाजूला बसतं. त्यामुळे वर जेवढी चकती घालाल, त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट उंची चाकाशी मिळते. म्हणजे उंची खरी असते, खोटं असतं ते ‘हेवी ड्यूटी’. चकतीने स्प्रिंग कडक होत नाही, शॉकअप सुधारत नाही. उलट चाक पूर्ण खाली लटकलं की बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) मूळ मर्यादेच्या पलीकडे जातात, आणि खड्ड्यात चाक पूर्ण वर आलं की बंप स्टॉप (चाक अडवणारं रबर) लागण्याआधीच शॉकअप आतून आदळतो. आधीच मरत आलेला शॉकअप त्यानंतर फार दिवस काढत नाही.

दुसरा प्रकार कॉइल आणि ती वर जिला टेकते ती बशी यांच्या मध्ये चकती घालण्याचा. ‘प्रीलोड वाढवला, आता स्प्रिंग कडक झाली,’ असं सांगतात. साफ खोटं. सरळ गुंडाळलेल्या कॉइलचा कडकपणा तार, व्यास आणि वेढे ठरवतात. दाबून बसवली म्हणून ती कडक होत नाही. गाडी वर येते, चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते आणि स्पीडब्रेकर उतरताना शॉकअप पूर्ण ताणून थांबतो. सुरुवातीला सांगितलेला ‘ठक्’ बहुतेक वेळा हाच. त्यावर इलाज म्हणून पुन्हा टॉप माउंट बदलायला लावणारेही महाभाग आहेत.

हे पकडायला गाडी उघडावी लागत नाही. काम द्यायच्या आधी गाडी सपाट जागी उभी करा, थोडी पुढे-मागे हलवा, पुढून दोनदा दाबून सोडा. हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग दोन माणसं पुढच्या बंपरपाशी एकाच ठरलेल्या जागी चढवा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. गाडी किती बसली ते कळलं. काम झाल्यावर तीच दोन माणसं, तीच जागा, टाकीत तेवढंच डिझेल. उंची वाढली पण गाडी आधीइतकीच बसते आहे, तर स्प्रिंग बदललेली नाही किंवा बदललीय पण तेवढ्याच ताकदीची आहे. ‘हेवी ड्यूटी’ कॉइलने फरक दिसलाच पाहिजे.

कॉइलमध्ये फसवणुकीची खरी जागा तारेची जाडी. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून एक मिलिमीटरही थोडा नाही. उदाहरणादाखल १६ मिमी तार, ११० मिमी मधला व्यास आणि ६ काम करणारे वेढे धरले तर कडकपणा सुमारे ८१ न्यूटन प्रति मिमी येतो, म्हणजे कॉइल एक मिमी दाबायला तेवढा जोर लागतो. बाकी सगळं तेच ठेवून तार १५ मिमी केली की ६३ वर येतं. डोळ्यांना दोन्ही कॉइल सारख्याच दिसतात. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) घेऊन जा आणि तार मोजताना टोकाशी रंग खरवडून मोजा, कारण दोन-तीन हात रंगाने जाडी फुगते. वेढे मोजताना बशीला टेकलेले वरचे-खालचे वेढे धरायचे नाहीत. मोकळी लांबी दोन्ही कॉइलची मोजा. नव्या जोडीत फरक असेलच तर ड्रायव्हर बाजूची किंचित उंच असते, किंवा त्या बाजूला ५ ते १० मिमीचा पॅकर (भरीची चकती) दिलेला असतो. डावी उंच निघाली तर दोन वेगळ्या सेटमधल्या कॉइल एकत्र बांधलेल्या असू शकतात.

आणि मुळात जास्त कडक कॉइल हवी का, हेही विचारा. जास्तीच्या ताकदीची कॉइल पुढे विंचसारखं (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) कायमचं वजन असलेल्या गाडीसाठी असते. रिकाम्या नाकाच्या पिकअपला ती लावली की गाडी दणके देते, आणि मग ‘शॉकअपही मोठे घ्या’ म्हणून दुसरं बिल तयार. लोखंडी क्रॅश गार्ड लावून वजन वाढवायचा सल्ला कुणी दिला, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलेलं आहे, हे त्याला ऐकवा.

आता शॉकअप. जुने, रंगवलेले, तेल भरून पुन्हा बंद केलेले शॉकअप ‘इम्पोर्टेड, थोडेच वापरलेले’ म्हणून विकले जातात. जुना माल जुना म्हणून स्वस्तात विकणं हा सरळ धंदा आहे, मुंबईत कुर्ल्याला तो वर्षानुवर्षं उघड चालतो. लबाडी सुरू होते ती रंगाच्या डब्यापासून. दांडा पूर्ण बाहेर ओढा आणि उजेडात तिरका धरा. गाडी ज्या उंचीवर रोज चालते, नेमक्या त्या जागी जुन्या शॉकअपच्या दांड्याचा क्रोम मंद पडलेला असतो. तेवढाच पट्टा वेगळा दिसतो, वर-खाली मात्र आरसा. नख फिरवलं की बारीक खड्डे लागतात. हे खड्डे नवं सीलही थोड्या दिवसांत फाडतात. मग खालच्या भागावर बोट फिरवा. तेल भरण्यासाठी भोक पाडून वेल्ड मारलेलं असेल तर ग्राइंडरने घासलेली एक सपाट टिकली रंगाखाली हाताला लागते.

गॅस आहे का ते तपासायला शॉकअप उभा धरून दांडा पूर्ण आत दाबा आणि सोडा. मोनोट्यूब (एका नळीचा) असेल तर दाबायलाच जोर लागतो आणि सोडल्यावर दांडा ठामपणे बाहेर येतो. कमी दाबाच्या ट्विन-ट्यूबचा (दोन नळ्यांच्या शॉकअपचा) दांडा सावकाश येतो. जागच्या जागी पडून राहिला तर गॅस नाही. मग विकणारा ‘गॅस शॉकअप’ म्हणो किंवा आणखी काही. पाच-सहा वेळा पूर्ण मागे-पुढे करून पाहा. मध्येच कुठे दांडा विनाविरोध सरकत असेल तर आत तेल कमी आहे किंवा झडप गेलेली आहे. दुकानदार हे करू देत नसेल तर तिथेच विषय संपवा.

नव्या आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहकांसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. २०११ च्या वैधमापन नियमांत ते बंधनकारक आहे. परदेशी नावाचं स्टिकर आहे पण आयातदाराचा पत्ताच नाही, असं खोकं घेऊ नका. शॉकअपवरचा भाग क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळवा, आणि तो क्रमांक तुमच्याच गाडीचा आहे का हे कंपनीच्या अधिकृत यादीत पाहा. स्टिकर कुणीही छापून आणतं. नळीवर ठोकलेला किंवा कोरलेला क्रमांक खोटा करणं तेवढं सोपं नाही.

अपर आर्मच्या नावाखालीही चांगलीच कापाकापी होते. साधारण ४०-५० मिमीपर्यंतच्या लिफ्टला बहुतेक गाड्यांत मूळ आर्म निभावतो. त्यापुढे बॉल जॉइंटचा कोन आणि कॉइलला घासणारा आर्म हे खरे प्रश्न होतात. म्हणजे आर्म सरसकट सगळ्यांना लागत नाही. लागत असेल तर गल्लीत वेल्ड केलेला पाइपचा आर्म घेऊ नका. त्यातला खरा धोका वेल्डपेक्षाही बॉल जॉइंटच्या टेपरमध्ये, म्हणजे त्याच्या स्टडच्या निमुळत्या भागात असतो. टेपर नकलशी (हब धरणाऱ्या भागाशी) तंतोतंत बसला नाही तर नट आवळलेला राहतो आणि आत स्टड हलत राहतो, एक दिवस मोडेपर्यंत. बसवण्याआधी टेपरवर निळ्या मार्करचा हात फिरवा, स्टड नकलमध्ये घट्ट दाबून किंचित फिरवा आणि काढा. शाई सगळीकडून सारखी घासली गेली तर ठीक. फक्त वर किंवा फक्त खाली गोल रेघ उमटली, तर तो आर्म परत करा.

‘डिफ ड्रॉप’ नावाचे तुकडेही असेच विकतात. पुढचं डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) थोडं खाली घेऊन सीव्हीचा कोन कमी करायचा, इतकाच त्यांचा उपयोग. फोर बाय फोरमध्ये याला अर्थ आहे, कारण चाकांना कायम जोडलेले सीव्ही शाफ्ट टू-व्हील ड्राइव्हवर चालतानाही फिरत असतात. कोन जास्त झाला की सीव्हीवरचा रबरी बूट फाटतो आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. पण टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढे डिफरन्शियलच नसतं. तिच्या बिलात ‘डिफ ड्रॉप’ दिसला, तर बाकीचं बिलही काय लायकीचं असेल ते समजा.

बसवण्याच्या कामातली एक चूक मुद्दाम वेळ वाचवायला केली जाते. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना, चाकं लटकलेली असताना, एअर गनने पूर्ण आवळतात. रबर त्या स्थितीत धरलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबायची आणि मगच टॉर्क पानाने शेवटचं आवळायचं. काम चालू असताना एवढं तरी तिथे उभं राहून पाहा. त्याच वेळी चाक पूर्ण खाली लटकवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे दिसेल.

अलाइनमेंटचा कागद हा आणखी एक खेळ. उंची वाढली की टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बदलतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो. कॅस्टर पडला की वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, ते भिरभिरं वाटण्याचं हे मोठं कारण. बहुतेक पिकअपमध्ये कॅस्टर आणि कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आर्मचे कॅम बोल्ट फिरवून जुळवतात. हे बोल्ट गंजलेले असले तर सोडवायला मेहनत लागते, म्हणून पुष्कळ ठिकाणी फक्त टो जुळवून पूर्ण अलाइनमेंटचे पैसे घेतात. कागदावर आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही मागा. कॅस्टर आधी आणि नंतर दशांशापर्यंत तोच असेल तर बोल्टला कुणी हात लावलेला नाही. वरचा गाडी नंबर, तारीख आणि मशिनमध्ये निवडलेलं मॉडेल वाचा. दुसऱ्याच गाडीचा कागद हातात ठेवल्याचे प्रकार होतात. नवी कॉइल काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, तेव्हा ५०० ते १,००० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा अलाइनमेंट लागतंच. ते पैसे सुरुवातीलाच बजेटमध्ये धरा, आणि हेडलाइटचा झोतही खाली घ्या.

जुने भाग तुमचे आहेत. गाडी देण्याआधी कॉइलवर, शॉकअपवर, टॉप माउंटवर पंचने खूण करा, फोटो काढा. चांगले मूळ शॉकअप ‘भंगारच होतं’ म्हणून ठेवून घेणं हा वेगळा जोडधंदा आहे.

बिल ‘सस्पेन्शन काम’ अशा एका ओळीचं घेऊ नका. प्रत्येक भागाचं नाव, क्रमांक, नग, मजुरी वेगळी. शॉकअपचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक) ८७०८ ने सुरू होतो, लोखंडी कॉइलचा सुटा व्यवहार ७३२० खाली जातो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो टाकून दुकानाचं नाव जुळतं का ते पाहायला मिनिटही लागत नाही.

‘आरटीओ अप्रूव्ह्ड किट’ म्हणून वरचे पैसे मागितले तर अजिबात देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. बजेट तुटपुंजं असेल तर सगळ्यात शहाणपणाचा खर्च म्हणजे चकत्या काढून मूळ उंचीचे नवे चांगले शॉकअप, नव्या कॉइल, नवे टॉप माउंट आणि गेलेले बुश. भिरभिरणं आणि ठकठक दोन्ही बहुधा तिथेच थांबतं.

पैसे गेलेच असतील तर आधी गॅरेजला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ऑनलाइन आगाऊ पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असा प्रकार असेल तर थेट सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. तक्रारीला बिल, खोक्याचे आणि क्रमांकांचे फोटो, हब ते मडगार्डची आधीची-नंतरची मापं आणि दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी घेतलेला ‘उघडल्यावर काय निघालं’ याचा अहवाल जोडा. गाडी दुसरीकडे उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि चकती निघाली तर ती टेपला लावून जाडी दिसेल असा फोटो घ्या.