वारस नोंदीची सही सांगून हक्कसोड करून घेतली

सातारा जिल्ह्यातली माझ्या आजोळची जमीन. आजोबा गेले तेव्हा वारस चार: दोन मामा, आई आणि मावशी. वर्षश्राद्ध होईपर्यंत कुणी जमिनीचा विषय काढला नाही. मग थोरल्या मामाने तलाठ्याकडे अर्ज दिला, चौघांची नावं सातबाऱ्याला लागली आणि त्याने उताऱ्याचा फोटो आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. 'आक्का, नाव लागलं बघ.' आईने तो शेजारच्या काकूंनासुद्धा दाखवला. डाव इथूनच सुरू झाला होता. गंमत अशी की ही नोंद अगदी खरी होती, म्हणूनच पुढचं सगळं खपलं.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. 'नोंद पक्की करायला तालुक्याला एक सही लागतीय. आम्ही दोघांनी केली, धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिची मागनं घेऊ. तू येऊन जा.'

स्टँडवरून मामाने तिला थेट दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. बाहेर टपरीवजा खोलीत बसणाऱ्या बाँड रायटरकडे कागद टाईप होऊन तयार होते. जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या. पानं तो उलटत गेला, आई सह्या करत गेली. आत गेल्यावर कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठा. कारकुनाने 'मजकूर मान्य आहे ना?' असं विचारलं, तर आईच्या आधी मामाच म्हणाला, 'हो हो, सख्खी बहीण हाय माझी.' नंतर हॉटेलात मिसळ, पिशवीत साडी, आणि संध्याकाळच्या एसटीने आई पुण्यात परत.

जमिनीची मोजणी होऊन प्लॉट पडणार आहेत हे गावाकडून उडत उडत कानावर आलं, तेव्हा मी सरकारच्या महाभूमी साईटवर सातबारा काढला. आईच्या नावावर आडवी रेघ, शेजारी नवा फेरफार (नावातल्या बदलाची नोंद) क्रमांक. तो फेरफार काढला तर 'नोंदणीकृत हक्कसोडपत्रान्वये', म्हणजे आईने आपला हिस्सा भावांना सोडून दिल्याचा दस्त. मग दस्ताची नक्कल घेतली. भावांवरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने वगैरे वगैरे. सगळ्यात संताप आला तो पत्ता वाचून. लग्न होऊन पुण्यात संसार केलेल्या बाईचा पत्ता दस्तात माहेरच्या घराचा घातलेला. फेरफार प्रमाणित होण्याआधी हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती त्याच पत्त्यावर गेली आणि तिथेच मुरली.

आता मुद्द्याचं. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून कोणताही एक वारस तलाठ्याकडे अर्ज करतो, हल्ली ई-हक्क या ऑनलाइन सेवेवरूनही करता येतो. वारस रजिस्टर म्हणजे गाव नमुना ६-क, त्यावरून फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. यात कुठेही कॅमेरा नाही, अंगठ्याचं मशीन नाही. ज्या कचेरीत तुमचा फोटो काढून अंगठा घेतात तिथे दस्त नोंदला जातोय: हक्कसोड, बक्षीस, खरेदी, नाहीतर कुलमुखत्यार. 'नोंद पक्की करणे' नावाचा दस्त कायद्यात नाही. शिवाय हक्कसोडीचा स्टँप काही शेकड्यांत भागतो. लाखोंची जमीन एवढ्या पैशांत फिरवता येते, म्हणून हा मार्ग सगळ्यांचा लाडका.

तोंडी हक्क सोडला तर तो कायद्यात टिकत नाही, म्हणून तर ही सगळी नाटकं करून सही हवी असते. आणि मुलींचा हिस्सा भावांच्या मर्जीवर नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची झाली. ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, वडील हयात असायला हवे होते का, हा घोळसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला: तशी अट नाही. मामाचं उत्तर मात्र ठरलेलं, 'लग्नात दिलं की सगळं.' यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पोलिसांनी 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून अर्ज ठेवून घेतला. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करता येतं, पण वकिलांनी सांगितलं ते खरं होतं: फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही, मूळ दस्त उभा असेपर्यंत महसुलात भांडून हाती काही लागत नाही. दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टातच जावं लागतं, आणि मुदत साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची. नोंदणीकृत दस्त खरा आहे असं कोर्ट आधी धरून चालतं, त्यामुळे 'वाचलं नव्हतं' एवढ्यावर निभावत नाही. आमच्या बाजूने आज उभं आहे ते काय? तो चुकीचा पत्ता, मामाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि मावशी.

मावशीला मामाचा फोन आला तोवर आम्हाला कळलं होतं. तिने एवढंच सांगितलं, 'दादा, काय टाईप केलंय ते आधी पाठव, जावई वाचून घेतील.' कागद आला नाही. तिचं नाव सातबाऱ्यावर शाबूत आहे, त्यामुळे प्लॉटवाल्याचंही घोडं अडलंय.

दावा चालू आहे. सोबत लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीसही नोंदवून ठेवली, म्हणजे मध्येच कुणी घेणारा आला तर त्याला भांडण माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तुमच्याही आईची किंवा आत्याची अशी 'एक सही' कधी झाली असेल, तर आधी गटाचा आजचा सातबारा काढा आणि नाव नसेल तर फेरफार बघा. दस्त क्रमांक नसला तरी नोंदणी विभागाच्या साईटवर गाव आणि गट नंबर टाकून सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधता येते. फेरफाराची नोंद अजून चालू असेल तर 'आपली चावडी' या सरकारी साईटवर त्या गावाच्या नोटिसा घरबसल्या दिसतात, आणि त्या पंधरा दिवसांत तलाठ्याकडे दिलेली लेखी हरकत नंतरच्या कोर्टकचेरीपेक्षा फार स्वस्त पडते. हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.