बेस्ट बस की कोस्टल रोड? पालिकेच्या बजेटला सूचना पाठवायच्या असतील तर हे वाचा

मुंबई महापालिका बजेटच्या आधी लोकांकडून सूचना मागवते, तेव्हा बरेच जण विचारतात की पैसे नेमके कशासाठी मागायचे. 2025-26चं बजेट 74 हजार 427 कोटींचं होतं, त्यामुळे पैसाच नाही हे कारण तर ऐकूनच घेऊ नका.

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांबद्दल वाद नको, तिथे अख्ख्या महाराष्ट्रातून पेशंट येतात, द्याल तेवढे पैसे कमीच. खरी तुलना प्रवासाची आहे.

कोस्टल रोड घ्या. मरीन ड्राइव्ह ते वरळी, साडेदहा किलोमीटर, खर्च 14 हजार कोटींच्या आसपास. वेळ वाचतो हे एकदम मान्य, मलबार हिलखालच्या बोगद्यातून गाडी सुसाट निघते, आणि समुद्राच्या कडेने पायी फिरायला जागा केलीय ती तर सगळ्यांची आहे, छानच झालं. पण रस्त्यावर बाईकला बंदी, रिक्षाला बंदी आणि कारला टोल शून्य.

आता बेस्ट, म्हणजे पालिकेचीच बससेवा. त्याच 2025-26च्या बजेटमध्ये बेस्टला 1000 कोटी, म्हणजे त्या एका रस्त्याच्या पैशात बेस्टचं 14 वर्षांचं अनुदान निघालं असतं. रोज 25 लाखांच्या आसपास लोक बसने जातात, आणि मे 2025मध्ये कमीत कमी तिकीट 5चं 10 केलं, एसीचं 6चं 12. स्टेशनपर्यंत जाऊन-येऊन रोज दहा रुपये लागायचे तिथे वीस लागायला लागले, घरात तिघं कामाला जाणारी असतील तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. कारवाल्याकडून एक रुपया घ्यायचा नाही आणि बसवाल्याचं तिकीट डबल करायचं, हे मला अजिबात पटत नाही. वर बेस्ट तोट्यात म्हणून ओरड, पण रस्ता तोट्यात आहे असं कधी कुणी म्हटलंय का? पूर्वी बेस्टच्या वीज विभागाच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा, तेही बंद झालं, मग पालिकेने नाही द्यायचे तर कुणी द्यायचे?

बेस्टमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही हं. स्वतःच्या बस कमी करत करत कंत्राटदाराच्या बस आणल्या, ड्रायव्हरही त्यांचेच, ऑगस्ट 2023मध्ये त्या ड्रायव्हरनी पगारासाठी संप केला तेव्हा डेपोत गाड्या नुसत्या उभ्या होत्या आणि स्टॉपवर लोक ताटकळत होते. म्हणून नुसते पैसे वाढवा एवढं म्हणून भागणार नाही.

तुम्ही दक्षिण मुंबईत रोज कार चालवत असाल तर कोस्टल रोड तुम्हाला सोयीचा वाटणारच. पण तो बांधून झालाय, आता प्रश्न पुढच्या पैशाचा आहे, आणि तो बेस्टलाच मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. सूचनेत "बेस्ट वाचवा" एवढंच लिहू नका, तुमचा रूट नंबर, स्टॉप, सकाळी किती वेळ थांबावं लागतं ते लिहा, आणि बेस्टच्या स्वतःच्या बस घेण्यासाठी वेगळी तरतूद मागा.