रॅम विकायच्या आधी कॅबिनेट उघडायला लावणारं दुकान, पोवई नाका, सातारा

पाचपैकी चार स्टार देतोय, एक का कापला ते खाली सांगतो.

माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स वगैरे. पीसी जुना, इंटेलचा आय३ चौथी जनरेशन, एच८१ चा मदरबोर्ड आणि ४ जीबी रॅम. कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडलं की माउसचा बाण जागेवर गोल गोल फिरत बसायचा आणि समोर गिऱ्हाईक "झालं का ओ" म्हणत उभं. म्हणून ऑनलाइन ८ जीबी डीडीआर३ १६०० ची रॅम मागवली (डीडीआर३ हा रॅमचा प्रकार, १६०० तिचा स्पीड), दुकानापेक्षा बरीच स्वस्त होती, म्हणलं डीडीआर३ म्हणजे डीडीआर३, बघायचं काय त्यात. खाच बरोबर जुळली, दोन्ही बाजूच्या क्लिपा खट्टकन बसल्या, पॉवर दिली तर नुसता बीप बीप, डिस्प्लेच नाही. तशीच ड्रॉवरमध्ये टाकली आणि सीझन संपेपर्यंत बघायला वेळच झाला नाही.

शेवटी कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षानं राजवाड्यावरून नाक्यावर. दुकान म्हणजे एक गाळा, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. दादांना म्हणलं ८ ची रॅम द्या, तर द्यायच्या ऐवजी त्यांनीच प्रश्न सुरू केले, विंडोज ३२ बिट का ६४, स्लॉट किती, आत्ताची रॅम कितीच्या स्पीडची. मला एकाचंही धड सांगता येईना. (३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम घालून उपयोगच नाही म्हणे, माझं ६४ निघालं नशिबानं.) मग त्यांनी माझी ऑनलाइनवाली घेतली, पिनांवरनं खोडरबर फिरवला, एकटीच लावून बघितली, तरी बीप. तीच उचलून शेजारच्या एका जुन्या एएमडीच्या (इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी) पीसीत घातली आणि डिस्प्ले आला की राव!

तर भानगड अशी की ह्या स्वस्त रॅमवरची एकेक चिप ४ बिटची असते, ती ठरावीक एएमडी बोर्डांवरच चालते, इंटेलच्या असल्या डेस्कटॉपला ८ किंवा १६ बिटची चिप लागते. बाहेरून बघून कळत नाही, १६ चिपा दोन्ही प्रकारात असू शकतात. घरी येऊन परत ते ऑनलाइनचं पान उघडलं तर पार तळाशी बारीक अक्षरात "फक्त एएमडीसाठी" लिहिलेलंच होतं. विक्रेत्याला विचारलं तर परत करायची मुदत गेली, विषय संपला.

दादांनी मग ८ ची दुसरी लावून दिली, जुनी ४ तशीच ठेवली, १२ जीबी झाली. बोर्ड १६ पर्यंत घेतो, स्लॉट दोनच आहेत, पुढं वाटलं तर ४ काढून अजून एक ८ घाला म्हणाले. आत्ताच १६ ची गळ घातली असती तर मी घेतलीही असती, पण नाही घातली. डीडीआर४, म्हणजे पुढचा प्रकार, का नको असं विचारलं तर रॅमच्या दोन्ही काड्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या, खाच वेगळ्या जागी, डीडीआर३ ला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८ पिना, बसणारच नाही.

घरी येऊन सीपीयू-झेड (पीसीच्या आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर फ्रिक्वेन्सी ६६५! डोकंच फिरलं, १६०० चे पैसे घेऊन हे काय, लगेच फोन लावला. तर म्हणाले तिथं निम्मा आकडा दिसतो, दुप्पट करा, १३३३ झाले ना, तुमची जुनी ४ १३३३ ची आहे, मग नवीनही तिच्याच चालीनं चालणार, हे तुम्हाला इथं सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं, मी तेव्हा खालच्या गाडीकडं बघत होतो, कारण पार्किंग अजिबात नाही आणि रिक्षावाला हॉर्न देत होता.

एक स्टार त्या पार्किंगचा अर्धा आणि बिल दोनदा मागावं लागलं त्याचा अर्धा. वॉरंटी असते तर बिल आपणहून द्या की.

आणि कुणाकडं एएमडीचा जुना डीडीआर३ वाला पीसी असेल तर सांगा, ८ जीबीची काडी ड्रॉवरमध्ये पडून आहे, निम्म्या पैशात देतो, पण आधी लावून बघा मग पैसे द्या.