व्हेनिसचं 'लक्झरी' पॅकेज : पाचपैकी अडीच तारे

कोटेशनच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं, 'व्हेनिस, ५ रात्री, चार तारांकित हॉटेल'. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'मेस्त्रे'. मी ३१ वर्षं सहकारी बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या, त्यामुळे डोळे आधी मुंग्यांकडेच जातात. मेस्त्रे म्हणजे पाण्याच्या अलीकडचं, जमिनीवरचं गाव. तिथून रेल्वेनं दहा-बारा मिनिटांत व्हेनिस. रस्ते, मोटारी, सिग्नल, सगळं आपल्यासारखंच. बेळगाव दाखवतो म्हणायचं आणि काकतीला उतरवायचं, तसला प्रकार. हॉटेल वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी आठ लाख मोजून सकाळी खिडकीतून मला बसस्टॉप बघायचा नव्हता.

व्हेनिसला तारे देणारी मी कोण? तारे देतेय ते बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या टूरवाल्या ऑफिसला. नाव लिहीत नाही. पोरगा ओळखीतला आहे, मला काकू म्हणतो, आणि व्हिसाचं काम त्यानं खरोखर चोख केलं. तीन वर्षांची रिटर्न्स, बँकेची स्टेटमेंट, विमा, सगळं क्रमानं लावून दिलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसलो, सकाळी बेंगळुरूत बोटांचे ठसे दिले, रात्रीच्या गाडीनं परत. शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, सेंटरचा चार्ज वेगळा. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे परदेशी सहल विकतानाच गोळा केला जाणारा आयकर, लागतो हेही त्यानं आधीच सांगितलं. आमचं पॅकेज ८ लाख ४० हजारांचं, म्हणून २०२५ च्या दरानं, ५ टक्क्यांनी ४२ हजार. दहा लाखांच्या वर गेलो असतो तर वरच्या रकमेला तेव्हा २० टक्के. फॉर्म २७डी, म्हणजे त्या कराचा दाखला, मागावा लागला नाही, आपणहून पाठवला. दोन तारे त्याचे.

आता उरलेल्याचं सांगते.

'लक्झरी' म्हणजे त्याच्या डोक्यात गुलाब, शॅम्पेन, गोंडोल्यात व्हायोलिनवाला. आमच्या ह्यांचे गुडघे त्यानं एकदाही विचारले नाहीत. व्हेनिस शंभराहून जास्त बेटांवर वसलंय आणि त्यांना जोडणारे पूल चारशेच्या वर. एकेक पूल म्हणजे चढायच्या पायऱ्या आणि उतरायच्या पायऱ्या. रिक्षा नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा चालत नाही. चोवीस किलोची बॅग घेऊन तीन पूल ओलांडले की हॉटेलची गादी किती मऊ आहे याला काही अर्थ उरत नाही. तिथली खरी चैन एवढीच, की तुमच्या पलंगाच्या आणि बोटीच्या मध्ये पूल किती. हे मला नकाशा बघून कळलं. टूरवाल्याला कळायला हवं होतं.

म्हणून मी हट्टानं हॉटेल बदलून घेतलं. दोर्सोदुरो भागात, सालुते थांब्यापासून एकच छोटा पूल. फरक भरला. विमानतळापासून वॉटर टॅक्सी घ्यायची हेही मीच सांगितलं, १४० युरो गेले. ह्यांनी पैसे ऐकून कपाळाला हात लावला. पण पैसे वसूल झाले ते याच तासाभरात. मार्को पोलो विमानतळ पाण्याच्या काठालाच आहे, टर्मिनलपासून धक्क्यापर्यंत छपराखालून चालत जायचं. मग बोट सुटते, दोन्ही बाजूंना पाण्यात रोवलेले लाकडी खांब, त्यांच्या मधून वाट. डावी-उजवी चुकली तर बोट गाळात रुतते, इतकं ते खाजण उथळ. मुरानो मागे पडतं, मग एकदम अरुंद कालव्यात वळतो आणि हॉटेलच्या पाण्याकडच्या दारात बोट लागते. ओहोटी होती. खालच्या दोन पायऱ्या उघड्या पडलेल्या, हिरव्यागार.

"अगं, सावकाश. शेवाळ धरलंय बघ की," हे म्हणाले आणि स्वतःच घसरता घसरता वाचले.

हे सिव्हिल काँट्रॅक्टर. पाच दिवस त्यांनी चित्रं कमी आणि भिंतींचे पाय जास्त बघितले. विटा खाऱ्या पाण्यानं कशा खाल्ल्यात, प्लास्टर किती उंचीपर्यंत पोपडलंय. अख्खं शहर गाळात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभं आहे. गाळात हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही. सांता मारिया देल्ला सालुतेचं ते मोठं घुमटाचं देऊळ आमच्या शेजारीच. १६३० ची प्लेगची साथ हटावी म्हणून बोललेला नवस, म्हणून बांधलं. त्याच्याखाली दहा लाखांवर खुंट आहेत असं सांगतात. ह्यांनी तिथंच पायऱ्यांवर बसून एका खुंटाची मजुरी किती पडली असेल याचा हिशेब सुरू केला. मी उठून आत गेले.

सान मार्को चौकातल्या मनोऱ्यावर मात्र दोघंही गेलो, कारण लिफ्ट आहे. जुना मनोरा १४ जुलै १९०२ ला सकाळी जागच्या जागी बसला. माणूस एकही मेलं नाही. दहा वर्षांत होता तसा, होता तिथंच परत उभा केला. ह्यांना हे फार आवडलं.

पाण्याबद्दल एक. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात घराघरांत पाणी शिरलं होतं ते कुणी विसरलं नसेल. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला व्हेनिसला १८७ सेंटीमीटरची भरती आली, १९६६ नंतरची सगळ्यांत मोठी. आता समुद्राच्या तीन तोंडांवर मोसे नावाचे ७८ दरवाजे आहेत, पहिल्यांदा वापरले ३ ऑक्टोबर २०२० ला. पण ते उठतात मोठ्या भरतीच्या अंदाजालाच. सान मार्को चौकाचा सखल भाग त्याच्या बराच आधी ओला होतो. आम्ही ऑक्टोबरात होतो, एका सकाळी चौकातल्या बॅसिलिकासमोर, म्हणजे मोठ्या चर्चसमोर, घोट्याएवढं पाणी. पॅकेजच्या सूचनांत 'कम्फर्टेबल शूज' एवढंच. रबरी बूट हा शब्द कुठंच नाही.

आता पैशांच्या दोन गोष्टी, आणि इथं माझा पारा चढला.

पहिली. इन्व्हॉइसमध्ये 'सिटी एन्ट्री फी, १० युरो, दोन माणसं, पाच दिवस' म्हणून १०० युरो लावले होते. व्हेनिसनं २०२४ पासून प्रवेशशुल्क सुरू केलंय खरं, पण ते दिवसाभरासाठी येणाऱ्यांना. रात्री मुक्काम करणारा हॉटेलात पर्यटक कर भरतो, त्याला ही फी माफ. त्यातून ती ठराविक तारखांनाच असते. २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधले ५४ दिवस होते. आम्ही गेलो ऑक्टोबरात! हॉटेलच्या काउंटरवरची बाई माझा कागद बघून हसली. मला हसू आलं नाही.

दुसरी गोंडोल्याची. 'प्रायव्हेट रोमँटिक गोंडोला' ३८ हजार. तिथं गोंडोल्याचे दर पालिकेनं ठरवून दिलेत. दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. आणि हे नावेचे, माणशी नव्हे. पाच जणांपर्यंत बसता येतं. म्हणजे आम्हाला पडलेल्या युरोच्या दरानं दिवसाची फेरी साडेनऊ हजारांच्या आत. उरलेले साडेअठ्ठावीस हजार एका गुलाबाचे आणि कोमट प्रोसेक्कोच्या, म्हणजे तिथल्या फेसाळ वाइनच्या, दोन ग्लासांचे. व्हायोलिनवाला आलाच नाही. ह्यांना तेवढंच बरं वाटलं.

मला गोंडोल्याची खरी मजा आली ती रियाल्तोच्या मासळीबाजाराजवळ. तिथं त्रागेत्तो म्हणून साधी नाव असते. दोन युरो द्यायचे आणि मोठा कालवा ओलांडायचा, गावची माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्याउभ्यानं जातात. मीही उभी राहिले. हे बसले, काठ घट्ट धरून.

मुरानोची 'फुकट बोट' पॅकेजात होती, ती मी तिथं गेल्यावर नाकारली. फुकट बोट थेट काचेच्या दुकानात सोडते आणि खरेदी केल्याशिवाय बाहेर पडणं जड जातं. १२९१ मध्ये आगीच्या भीतीनं काचेच्या भट्ट्या त्या बेटावर हलवल्या, तेव्हापासूनचा धंदा. वापोरेत्तोनं आपलं आपण जावं. वापोरेत्तो म्हणजे पाण्यातली सिटी बस. एकेरी तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं, म्हणून सात दिवसांचा ६५ युरोचा पास घेतलेला परवडतो. १ नंबरची बोट मोठ्या कालव्यातून जवळजवळ प्रत्येक थांबा घेत जाते. रात्री नऊनंतर पुढची बाहेरची सीट मिळते. दिवसाची गर्दी निघून गेलेली असते, मुख्य शहरात राहणारी माणसं आता पन्नास हजारांहून कमी, त्यामुळे कित्येक महालांचे दिवे बंदच. इंजिनाचा आवाज आणि थांब्यावर दोर टाकणारा पोऱ्या. त्या बोटीनं आम्ही चार रात्री नुसतं जाऊन आलो. पॅकेजात हे नव्हतं, आणि पास असल्यानं त्याला वेगळे पैसेही लागले नाहीत.

खाण्याचं थोडक्यात. फ्लोरियान हे १७२० चं कॅफे, बँड वाजत असेल तर त्याचे माणशी वेगळे पैसे लागतात हे आधी माहीत असू द्या. सार्दे इन साओर म्हणून कांदा, व्हिनेगर आणि बेदाण्यांतला आंबटगोड मासा मिळतो, तो ह्यांनी तीनदा मागवला. मी नेलेला कुंदा काउंटरवरच्या त्या बाईला दिला. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा परत आला.

बेळगावला आल्यावर कागद घेऊन ऑफिसात गेले. "काकू, सिस्टीमनं आपोआप घेतलंय ते," पोरगा म्हणाला. सिस्टीम बँकेतही होती, म्हटलं, सही माणसाचीच लागायची. प्रवेशशुल्काचे १०० युरो आठवड्यात खात्यावर आले, त्याचा हा अर्धा तारा. गोंडोल्याच्या फरकाचं बोलणं अजून चालू आहे. शिवजयंतीचे चित्ररथ निघायच्या आत मिळाले तर आणखी अर्धा वाढवीन.